गाडी आली, आता वेळापत्रक



या व्याख्यानमालेसाठी संयोजक माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटले, 'रेल्वे.' ते जरा थबकले. त्यांना वाटले असावे की हा हमाल-ऊसतोड्यांचा माणूस, मजुरीवर नाही तर उचलीवर बोलेल. शिवाय धारूरला रेल्वे नाही. आड नाही तेथे पोहऱ्याची चर्चा कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आले. पण मजुरीचा आणि प्रवासाचा संबंध अगदी जवळचा आहे. ज्याला दिवसाचे पाचशे मिळतात आणि जाण्यायेण्यात दीडशे जातात, त्याची मजुरी साडेतीनशेच धरली पाहिजे. म्हणून हा विषय माझ्या धंद्याबाहेरचा नाही. मी शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते बाजारसमितीच्या कट्ट्यावर आणि जुन्या पुस्तकांत. तेव्हा तज्ज्ञाचे भाषण म्हणून हे ऐकू नका. प्रवाशाचे म्हणून ऐका.

आपला जिल्हा रेल्वेवाचून का राहिला, हे नकाशा पुढे घेतला की कळते. पश्चिमेला दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला. तो अहमदनगरवरून गेला. उत्तरेला, गोदावरीच्या पलीकडे, मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेकडे जाणारा निजामाचा मार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, ती १९११ मध्ये लातूरला पोहोचली. पूर्वेला परळी वैजनाथला रूळ आले. म्हणजे चारी बाजूंनी रूळ, आणि मध्ये बालाघाटाच्या डोंगरावर आपण. परळी आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे 'बीड जिल्ह्यात रेल्वे आहे' असे कागदोपत्री म्हणता येत असे. परंतु जिल्ह्याच्या ठाण्याला, पाटोद्याला, आष्टीला, वडवणीला, धारूरला तिचा उपयोग शून्य.

अहमदनगर-बीड-परळी मार्गाची मागणी किती जुनी आहे हे येथील पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगावयास नको. केशरकाकू क्षीरसागरांनी ती लोकसभेत लावून धरली. गोपीनाथराव मुंड्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. मग खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलावा असे ठरले. आरंभीचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. सुधारित आकडा चार हजार आठशे कोटींवर गेला. २०१७ साली नगरजवळच्या नारायणडोहपर्यंत पहिली चाचणी झाली, २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, गाडी बीडला आली. एकंदर मार्ग २६१ किलोमीटरचा. त्यांपैकी नगर-बीड हे १६७ किलोमीटर झाले. बीड ते परळी हा तुकडा त्या दिवशी व्हावयाचा राहिला होता.

त्या दिवशी बीडच्या स्टेशनावर जी गर्दी उसळली तिला हसणारे हसोत. तीस वर्षे वाट पाहिलेल्या माणसाने गाडीच्या डब्याला हात लावून पाहिला तर त्यात गैर काय? म्हाताऱ्या बायका इंजिनाला हळदीकुंकू लावावयास आल्या होत्या. ते त्यांचे अगदी बरोबर होते. परंतु दुसऱ्या दिवसापासून जो प्रश्न सुरू होतो तो हळदीकुंकवाने सुटत नाही. तोच आज मला मांडावयाचा आहे.

गाडी सुरू होणे ही एक गोष्ट, आणि वाहतूक सुरू होणे ही दुसरी. गाडी सुरू झाली की फीत कापता येते. वाहतूक सुरू झाली की माणसाचा दिवस बदलतो. सकाळी डबा बांधून निघालेला मजूर, विद्यार्थी, नर्स, कारकून जर रात्री घरी येऊ लागला, तर वाहतूक सुरू झाली असे म्हणावे. मुंबईस बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पण गिरणीकामगाराच्या पाळीशी जुळणारी लोकल त्यानंतर कित्येक वर्षांनी घडत गेली. वीज आली ती १९२५ साली. रूळ तेच, बदलली ती फेऱ्यांची संख्या आणि वेळ.

आता आपल्या गाडीची वेळ पाहा. ती सुरू झाली तेव्हाचे वेळापत्रक असे होते. सकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी अहिल्यानगरहून, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरहून, निघावयाचे. दुपारी साडेबाराला बीड. एक वाजता बीडहून निघावयाचे; सायंकाळी साडेसहाला नगर. रविवारी सुट्टी. बीडच्या माणसाला नगरला दवाखान्यात जावयाचे असेल तर तो साडेसहाला तेथे उतरणार. दवाखान्याची बाह्यरुग्ण खिडकी बंद. कचेरी बंद. कोर्ट उठलेले. रात्र कोठे काढावयाची? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६.५५ ची गाडी धरली तर काम न करताच परत यावयाचे. न धरली तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावयाचे. नगरच्या माणसाची गोष्ट थोडी बरी, पण थोडीच. तो साडेबाराला बीडला उतरतो आणि त्याच गाडीने परतावयाचे म्हटले तर हातात अर्धा तास. अर्ध्या तासात स्टेशनावरून शहरात जाऊन यावयाचेही होत नाही.

आष्टीच्या गाडीचे २०२२ साली असेच झाले होते. सकाळी पावणेआठला नगरहून, साडेदहाला आष्टी. अकराला आष्टीहून, दोनच्या सुमारास नगर. आष्टी, कडा, धानोरा या गावांचा सगळा ओढा नगरकडे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे रोज जाण्यायेण्याचे. पण गाडी नेमकी उलटी: सकाळी नगरहून बाहेर जाणारी. मग ती रिकामी धावते अशा बातम्या आल्या. मला भीती वाटते ती या बातमीची. कारण ती फायलीत जाऊन बसते. पुढे कोणी फेरी वाढवा म्हटले की फाईल उघडते आणि त्यात लिहिलेले असते, 'प्रतिसाद नाही.' दुपारी बाराला दुकान उघडून एकाला बंद करावयाचे आणि गिऱ्हाईक नाही म्हणून हिशेब लिहावयाचा, अशातला हा प्रकार आहे.

मग रेल्वेवाले मूर्ख आहेत काय? मुळीच नाहीत. वेळापत्रक असे का होते हे समजून घेतले तरच आपली मागणी शहाणपणाची होईल. म्हणून थोडे खोलात जाऊ.

ही गाडी 'डेमू' जातीची. तिला वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. डिझेलचे यंत्र टोकाच्या डब्यातच बसविलेले असते, ते वीज तयार करते आणि त्या विजेवर चाके फिरतात. दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून पुढच्या बाजूस जोडण्याची यातायात नाही. चालक एका टोकाकडून उतरून दुसऱ्या टोकास चढला की गाडी परतीला तयार. जवळच्या प्रवासासाठी ही जात उत्तम. पण एक डब्यांची माळ म्हणजे एकच गाडी. ती एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. जाण्यास साडेपाच तास, येण्यास साडेपाच तास, मध्ये अर्धा तास. झाले साडेअकरा. दिवस संपला. एका माळेत एकच फेरी होते, ती का, याचे उत्तर या साडेपाच तासांत आहे.

१६७ किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. आमचा तरुण मोटारसायकलवाला यावर हसतो. रस्त्याने बीड-नगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि एस.टी. ते तीन-साडेतीन तासांत काटते. रेल्वे लांबून का जाते? तर लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरत नाही इतक्या थोड्या घर्षणावर चालते. या थोड्या घर्षणामुळेच ती स्वस्त आहे. रबरी चाकाला जे ओझे ओढण्यास पुष्कळ तेल लागते ते ती थोडक्यात ओढते. पण त्याच गुणामुळे तिला चढ चढता येत नाही. शंभर मीटरला एक मीटर चढ म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने चांगलाच चढ. आपल्या घाटातून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन कण्हत का होईना चढतो. आगगाडी तेथे पायथ्याशीच थांबेल. म्हणून तिला वळसे घेत, भराव टाकीत, पूल बांधीत यावे लागले. कष्टाळू पण चढ न सोसणारा बैल असतो ना, तसे हे जनावर आहे.

वेग कमी असण्याचे दुसरे कारण नवेपण. नवा भराव पावसाळे खाऊन दबावा लागतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते, हे येथे कोणाला सांगावयास नको. विहिरीच्या काठावर बांधलेल्या भिंती कशा तडकतात ते आपण पाहतो. रुळाखालची खडी पुन्हापुन्हा ठोकून बसवावी लागते. तोवर गाडीला जपून चालवितात. वेग वाढविण्याची परवानगी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करून देतो. मौजेची गोष्ट अशी की हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतो. चालविणाराच तपासणारा होऊ नये, असा त्यात हेतू आहे. मला तो फार आवडतो. कारखान्यांतही वजनकाट्याची तपासणी अशीच परक्याकडे असावी असे आम्ही किती वर्षे म्हणत आहोत!

तिसरे कारण मार्ग एकेरी आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीने स्टेशनातील बाजूच्या रुळावर उभे राहून दुसरीला वाट द्यावी लागते. जितकी अशी स्टेशने, तितक्या गाड्या चालविता येतात.

आता समजा भराव बसला आणि प्रवास साडेपाचाऐवजी सव्वातीन तासांचा झाला. म्हणजे ताशी एकावन्न किलोमीटर. हे काही स्वप्न नव्हे. तीच एक माळ काय करू शकते ते पाहा. पहाटे साडेपाचला बीडहून सुटली, पावणेनऊला नगर. साडेनऊला निघाली, पाऊणला बीड. दीडला निघाली, पावणेपाचला नगर. पावणेसहाला निघाली, नऊला बीड. एका माळेत दोन पूर्ण फेऱ्या, आणि रात्री गाडी बीडला मुक्कामास. बीडचा माणूस पावणेनऊला नगरमध्ये उतरतो, दिवसभराचे काम करतो आणि रात्री नऊला घरी. दुसरी माळ मिळाली तर ती पहाटे साडेपाचलाच नगरहून सुटावी. दोघींची गाठ आष्टीच्या पुढे कोठेतरी पडेल, एक थांबेल, दुसरी जाईल. चारपट वाहतूक झाली, आणि नवे रूळ एक इंचही टाकले नाहीत.

परंतु 'रात्री गाडी बीडला मुक्कामास' हे चार शब्द म्हणण्यास सोपे आहेत. गाडी मुक्कामाला राहते तेव्हा तिच्याबरोबर माणसे मुक्कामाला राहतात. चालक, गार्ड यांना झोपावयास खोली, जेवणाची सोय पाहिजे. डबे धुणारे, पाणी भरणारे, यंत्र तपासणारे, डिझेल भरणारे पाहिजेत. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ हे साडेपंधरा तास होतात. ते एकाच चालकाकडून करून घेणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. दोन तुकड्या लागतीलच. १९७३ साली लोको कर्मचाऱ्यांनी संप करून दहा तासांच्या कामाचे वचन मिळविले; पुढच्या वर्षी मे महिन्यात देशभर रेल्वेचा तो मोठा संप झाला. चालकाची झोप ही प्रवाशाची सुरक्षितता आहे, हे त्या माणसांनी तुरुंगात जाऊन सांगितले. तेव्हा आपण फेऱ्या वाढवा म्हणू त्याच अर्जात माणसे नेमा, आणि ठेक्याची नव्हे कायमची नेमा, असेही लिहिले पाहिजे. ही नोकरी आपल्याच पोरांना मिळावी अशी इच्छा बाळगण्यातही गैर काही नाही.

येथवर रुळावरचे झाले. आता रुळाबाहेरचे.

आपला प्रदेश चाकावर आहे, पण ते चाक रबराचे. एस.टी., काळीपिवळी जीप, मोटारसायकल, रात्रीच्या ट्रॅव्हल्स, आणि अलीकडे चारचाकी. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावरच. तिने खेड्याला शहर दाखविले. पुढे फेऱ्या कमी पडल्या तेथे जीप आली. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा जो लांबलेला संप चालला, त्या काळात पुष्कळ प्रवासी जीपच्या आणि स्वतःच्या मोटारसायकलच्या सवयीचे झाले. संप करणाऱ्यांचे दुःख खरे होते, त्यांची घरे मी पाहिली आहेत. पण प्रवाशाची सवय मोडली की ती परत लावावयास फार दिवस लागतात, हेही मी संघटनेतला माणूस असूनच सांगतो.

जीपवाल्याला आपण शिव्या देतो. पण तो का टिकला? तो दारात येतो. तो पाव तासाने सुटतो. चुकलेल्याला पुढची मिळते. त्याचा दोष एवढाच की बाराच्या जागी पंधरा भरल्याशिवाय तो हलत नाही. १९९१ च्या सुमाराची गोष्ट. मला परळीहून रात्रीची गाडी धरावयाची होती. धारूरहून जीपमध्ये बसलो ते दिवे लागणीच्या आधी. एक प्रवासी कमी, म्हणून जीप हलेना. तो एक प्रवासी मिळाला तोवर पाऊण तास गेला. परळीच्या फलाटावर पाऊल टाकले तेव्हा गाडीचा शेवटचा तांबडा दिवा दिसत होता. रात्र बाकावर काढली. सकाळी ज्या सभेला पोहोचावयाचे होते ती माझ्यावाचून झाली, आणि तडजोड मालकाच्या बाजूने झाली. त्या जीपवाल्याला मी दोष देत नाही. त्यालाही डिझेल फुकट मिळत नव्हते. पण त्या रात्री मला कळले की रेल्वेचा प्रवास स्टेशनात सुरू होत नाही. तो आपल्या ओट्यावर सुरू होतो.

हे तत्त्व कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. आपल्याच हैदराबाद संस्थानात १९३२ साली सार्वजनिक मोटारगाड्या सुरू झाल्या त्या निजाम स्टेट रेल्वेच्या खात्यातून, सत्तावीस मोटारींनिशी. एकच मालक, म्हणून मोटार आणि आगगाडी एकमेकींकडे पाहून चालविणे सोपे. निजामाच्या राज्यातील जुलूम विसरण्याचे कारण नाही, आमचे वाडवडील त्याच्याशी लढले. पण ही एक गोष्ट त्या राज्याची शहाणपणाची होती. पुढे राज्य बदलले, भाषावार प्रांत झाले, १९६१ साली मराठवाड्याची राज्य परिवहन मुंबईच्या महामंडळात मिळाली. रेल्वे दिल्लीची, एस.टी. मुंबईची. दोघांची वेळापत्रके दोन भिंतींवर लागतात.

परदेशाकडे पाहिले तर ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराची गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. हे शहर मोटारीचे. घरे दूरदूर, रस्ते रुंद, ज्याच्या त्याच्या दारात गाडी. तेथे १९७९ साली सरकारने फ्रीमँटलकडे जाणारी प्रवासी रेल्वे बंद केली. बस पुरेशी आहे म्हणून सांगितले. लोकांनी सह्या गोळा केल्या, चळवळ केली, सरकार बदलले, आणि १९८३ साली तीच गाडी पुन्हा सुरू झाली. येथवर ही चळवळीची गोष्ट. खरा धडा पुढे आहे. २००७ साली त्यांनी दक्षिणेला मँडुराह गावापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटरचा नवा मार्ग काढला. बराचसा तो द्रुतगती रस्त्याच्या मधोमध टाकला. स्टेशनाच्या भोवती वस्ती नव्हतीच. मग प्रवासी कोठून आणावयाचे? त्यांनी स्टेशन म्हणजेच बसचा तळ केला. आसपासच्या वस्त्यांतून बस निघते ती गाडीच्या वेळेला स्टेशनात शिरते, तिकीट एकच. गाडी पन्नास मिनिटांच्या आसपास शहरात पोहोचविते आणि बाजूच्या मोटारींना मागे टाकीत जाते. मोटारवाला खिडकीतून ते रोज पाहतो. यापेक्षा चांगली जाहिरात कोणती?

अमेरिकेत लॉस एंजलिसची तऱ्हा वेगळी. तेथे एके काळी विजेच्या गाड्यांचे मोठे जाळे होते. त्यातील शेवटची गाडी १९६१ साली बंद पडली. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, मेट्रोलिंक नावाची नवी उपनगरी गाडी सुरू केली तेव्हा मोटारवाल्यांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे भूकंप झाला, द्रुतगती रस्त्याचे पूल पडले, आणि उत्तरेकडच्या मार्गावरील प्रवासी रातोरात कित्येक पटींनी वाढले. काही दिवसांत नवी तात्पुरती स्टेशने उभी राहिली. रस्ता दुरुस्त झाल्यावर बहुतेक जण मोटारीकडे परतले, थोडे राहिले. जे राहिले ते कोण? ज्यांची कामाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळत होती ते. भूकंपाने माणूस स्टेशनापर्यंत आणला, पण त्याला तेथे टिकविले वेळापत्रकाने.

खर्चाबद्दल दोन शब्द. कोणी म्हणेल, रिकाम्या गाड्या वाढवून सरकारचे दिवाळे काढावयाचे काय? रेल्वेच्याच सांगण्याप्रमाणे शंभर रुपये खर्चाच्या प्रवासाला प्रवाशाकडून सरासरी चौपन्न रुपये मिळतात. बाकीची तूट मुख्यतः मालवाहतूक भरून काढते. म्हणजे नफ्यासाठी प्रवासी गाडी कोठेच चालत नाही, मुंबईलाही नाही. चार हजार आठशे कोटी जमिनीत पुरून झाल्यावर वर्षाच्या डिझेल-पगाराकडे बोट दाखविणे म्हणजे विहीर खोदून मोट घ्यावयास पैसे नाहीत म्हणण्यासारखे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी आणले, तेव्हा कोणी नफा-तोटा विचारला नाही, आणि ते बरोबरच होते. लातूरला रूळ होते म्हणून पाणी पोहोचले. त्या उन्हाळ्यात बीडची तहान काही कमी नव्हती.

आता माझ्या माणसांविषयी. दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर पोर, पत्र्याची पेटी, बैल. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाच-सहा महिने. ही माणसे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सामानावर बसून रात्रीची घाट उतरतात. दरवर्षी कोठे ना कोठे ट्रॉली उलटते. रेल्वेने हे थांबेल असे सांगून मी टाळ्या घेणार नाही. डेमूत बैल चढत नाही, कोप्यांचे सामान चढत नाही, आणि कारखान्याचा फड स्टेशनाजवळ नसतो. मुकादमाची गाडी दारातून फडापर्यंत नेते. तिच्याशी रेल्वे स्पर्धा करू शकणार नाही. पण हंगामाच्या मध्यात घरी म्हातारा आजारी पडला तर? मागे ठेवलेल्या पोरीची परीक्षा असली तर? बाळंतपणासाठी बाई परत यावयाची असली तर? तेव्हा तिला ट्रॉली मिळत नाही. ती चार ठिकाणी वाहने बदलीत, उचलीतले पैसे मोडीत येते किंवा येतच नाही. नगरपर्यंत स्वस्त आणि भरवशाची गाडी असेल तर ती येईल. शिवाय आपली जी पोरे कोयता सोडून चाकणला, रांजणगावला, सुप्याला कारखान्यात लागली आहेत, ती महिन्यातून एकदा येतात ती आठवड्याला येतील. गावाकडची शेती, म्हातारी माणसे, यांना त्यातून किती आधार मिळतो हे आकड्यांत मांडता येत नाही.

एक सवलतीचा मुद्दा राहिला. एस.टी.त मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना त्याच्या आधीच मोफत प्रवास मिळाला. रेल्वेत वृद्धांना जी सवलत होती ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. तरीही रेल्वेचे साधे तिकीट एस.टी.पेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, हे खरे. पण बाईमाणसाचा हिशेब स्टेशनापर्यंतच्या रिक्षासकट असतो. बीडला उतरून रिक्षाला जे मोजावे लागते ते धरले की स्वस्ताई निम्मी विरते.

आपण घाटावर, रूळ घाटाखाली. परळीकडचा मार्ग वडवणी, सिरसाळा या बाजूने जावयाचा. आपल्या तालुक्यातले तेलगाव बीड-परळी रस्त्यावरच आहे. धारूरहून ते वीसेक किलोमीटर, मध्ये आरणवाडीचा घाट. तो अरुंद घाट रात्री उतरताना चालक देवाचे नाव घेतात. म्हणजे धारूरकराची रेल्वे ही खरे पाहता घाट उतरणारी एक बस आहे. ती बस सुटली नाही तर रूळ आपल्या तालुक्यातून गेले काय आणि जपानातून गेले काय, सारखेच. घाटाचा रस्ता रुंद व्हावा ही मागणी म्हणून रेल्वेच्या मागणीपासून वेगळी नाही. एकाच अर्जावर दोन्ही यावयास पाहिजेत.

आपल्या गावात एस.टी.चे आगार आहे. जिल्ह्यात थोड्याच गावांना ते भाग्य आहे. परळीकडचा तुकडा पुरा होण्याआधी, फीत कापण्याआधी, मला येथील शिक्षक मंडळींकडून आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून एक काम पाहिजे आहे. आठवडाभर पहाटे पाच ते रात्री नऊ धारूरच्या स्टँडवर, केजच्या रस्त्यावर आणि तेलगावच्या चौकात बसावयाचे आणि निघणाऱ्या प्रत्येक माणसाला तीनच प्रश्न विचारावयाचे: कोठे निघालात, किती वाजता पोहोचावयाचे आहे, किती वाजता परतावयाचे आहे. नाव विचारू नका, जात विचारू नका. हमालांची पाच पोरे मी देतो. त्यांना पहाटे उठण्याची सवय आहे. तो कागद तयार झाला की आगारप्रमुखांकडे एक प्रत, रेल्वेच्या विभागीय कचेरीकडे एक प्रत, आणि आपल्या खासदार-आमदारांकडे एकेक. वेळापत्रक करणाऱ्या कारकुनापुढे तो कागद नसेल तर तो आपल्या सोयीने वेळ लिहील, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. वह्या मी आणल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना यावयाचे असेल त्यांनी उजवीकडच्या टेबलापाशी नावे द्यावीत. पहाटेच्या पाळीला माणसे कमी पडतात, म्हणून आधी ती पाळी भरू.